भरल्या घरची उपाशी पेशी

निवृत्त झाल्यापासून नवी ओळख झालेला प्रत्येक माणूस विचारतो, "मॅडम, तुम्ही नेमकं काय शिकवत होता?" सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की समोरचा आदरानं मान हलवतो आणि विषय बदलतो. एखाद्यानं चिकाटीनं "आणि संशोधन?" असं विचारलंच, तर मी सांगते, "यीस्ट लोह कसं खातं, यावर." मग विषय बदलत नाही, माणूस हसतो. सासरच्या मंडळींत मी बरीच वर्षं 'पाववाली वहिनी' होते. दिवाळीला माझ्या अनारशाचं पीठ बिघडलं की नणंद म्हणायची, "हिला तर खमिरातली पदवी आहे ना?"

पदवी होती, अनारसे मात्र शेवटपर्यंत जमले नाहीत.

अमरावतीतल्या एका जुन्या महाविद्यालयात, पहिल्या मजल्यावर, पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या खोलीत माझी प्रयोगशाळा होती. पश्चिमेकडे खिडक्या म्हणजे काय, ते मे महिन्यात इकडे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. त्यात आम्हाला पंखा लावायची सोय नाही. बर्नरची ज्योत फडफडते हे एक कारण, आणि धूळ उडते हे दुसरं. दुसरं कारण आमच्यासाठी जास्त मोठं. इथल्या काळ्या मातीच्या धुळीत लोह असतं, आणि आमचं सगळं काम लोहाशिवायचं खाद्य बनवण्यावर अवलंबून. पेशीला उपाशी ठेवल्याशिवाय ती भुकेली झाल्यावर काय करते ते कळणार कसं?

उपाशी ठेवणं बोलायला सोपं आहे. लोह सगळीकडे असतं. नळाच्या पाण्यात, काचेच्या भांड्याच्या अंगाला, स्टीलच्या चमच्यावर. आम्ही भांडी आम्लात बुडवून ठेवायचो, प्लास्टिकचे चमचे वापरायचो. एकदा यीस्टची एक जात, जी लोहाशिवाय मरायलाच हवी, ती आमच्या 'बिनलोहाच्या' खाद्यावर मजेत वाढू लागली. माझी संशोधक विद्यार्थिनी पल्लवी, परतवाड्याची, रोज सकाळी पेशी वाढवायच्या थाळ्या उघडून म्हणायची, "मॅडम, ह्या पुन्हा जेवल्या." आम्ही पाणी बदललं, रसायनं बदलली, एकमेकींवर संशय घेऊन झाला. शेवटी सापडलं ते निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये. आतली जाळी गंजली होती, आणि वाफेचं पाणी त्या गंजावरून ठिबकत बाटल्यांच्या कापसाच्या बोळ्यांत मुरत होतं. तेवढ्यावर लाखो पेशींचं पोट भरत होतं. पल्लवी म्हणाली, "लय हुशार हायेत जी ह्या." मला राग आला होता, पण तिचं खरं होतं.

या हुशारीबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

यीस्ट म्हणजे एक एक पेशीचा जीव, पण त्या एका पेशीत आपल्या पेशींसारखाच सगळा संसार असतो. तिला लोह लागतं. त्याच्याशिवाय श्वसन चालत नाही. पण बाहेरचं बहुतेक लोह गंजाच्या जातीचं, न विरघळणारं. भोवती ढीग आहे आणि तोंडात घास जात नाही, अशी अवस्था. म्हणून पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते या लोहाचं रूप बदलून त्याला विरघळतं करतं. मग दाराशी दुसरी दोन प्रथिनं बसलेली असतात. एक लोहाचं रूप पुन्हा पालटतं, आणि शेजारचं त्याला हातोहात आत घेतं. असं केल्यानं दुसरा कुठला धातू लोहाचं सोंग घेऊन आत शिरत नाही. दाराशी रूप पालटणारं हे प्रथिन तांब्याशिवाय चालत नाही, म्हणून तांबं नसेल तर पेशी लोहालाही मुकते. शिवाय शेजारच्या बुरश्या लोह पकडायला जे रेणू सोडतात, तेही ही बया लोहासकट पळवते.

आत आलेलं जास्तीचं लोह एका कोठीत बंद करून ठेवायचं. कारण मोकळं लोह पेशीत फिरू लागलं तर ते आतलं सगळं जाळत सुटतं. लागतं, पण मोजकंच. म्हणून दार किती उघडायचं हे ठरवणारं एक प्रथिन असतं. मी वर्गात त्याला 'भुकेचा निरोप्या' म्हणायची. लोह कमी पडलं की तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि दारं बनवणाऱ्या जनुकांना जागं करतो.

आता प्रश्न असा, की लोह कमी पडलं हे त्याला कळतं कशावरून? मला आणि माझ्यासारख्या जगभरच्या अनेकांना या एका प्रश्नानं पोसलं. तो कोठीत डोकावून बघत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे छोटे कारखाने असतात, त्यांत लोह आणि गंधक जोडून काही नाजूक भाग बनतात. त्या कारखान्यातून माल येतोय म्हणजे लोह पुरेसं आहे, असं तो धरतो. माल थांबला की तो समजतो, घरात दाणा नाही.

आणि कारखानाच बिघडला असला तर? लोह आत येतं, कारखान्यात साचतं, माल काही बाहेर पडत नाही. निरोप्या ओरडत राहतो, भूक, भूक. दारं सताड उघडी. घर भरलेलं आणि पेशी उपाशी. असा बिघाड असलेलं यीस्ट आमच्याकडे होतं, आणि पल्लवीचं सगळं काम त्याच्यावर होतं. त्यात एक प्रथिन नव्हतं. तेच प्रथिन माणसात कमी पडलं की एक आजार होतो. आधी तोल जातो, मग बोलणं जड होतं, हृदयावर ताण येतो. आनुवंशिक आजार, फार थोड्यांना होणारा. मी वर्गात त्याबद्दल दोन वाक्यं सांगून पुढे जायची.

एका विज्ञान दिनाला आमच्या विभागानं प्रदर्शन भरवलं. एक तरुण वार्ताहर आला, त्यानं पल्लवीशी पाच मिनिटं बोलून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली, 'लोहाच्या विकारांवर अमरावतीत खमिराचा उतारा'.

त्यानंतरचे काही आठवडे आमचा जिना गजबजलेला होता. पहिला आला एक बेकरीवाला. त्याचं म्हणणं, तुमचं यीस्ट लोह खातं तर त्याचा पाव करू, 'ताकदीचा पाव' म्हणून खपेल. मग वरुडकडचे एक बागायतदार संत्र्याच्या फांद्यांची पिशवी घेऊन आले. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. म्हणाले, "माती तपासली, लोह भरपूर हाय म्हनते. मंग झाड काहून पिवळं?" मला फार आनंद झाला, कारण त्यांच्या झाडाची आणि माझ्या पेशीची अडचण एकच होती. चुनखडीच्या मातीत लोह असूनही विरघळत नाही. मी अर्धा तास उत्साहानं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "ते ठीक हाय बाई, फवारू काय?" मी त्यांना कृषी विद्यापीठातल्या माणसाचा पत्ता दिला. एक सासूबाई पोटुशी सून घेऊन आल्या, "हिच्या अंगात रगत नाई, द्या एखादी पुडी." त्यांना मी स्वतः रिक्षात बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. सुनेला गोळ्या मिळाल्या. सासूबाई मात्र जाताना म्हणाल्या, "तुमीच देल्ल्या असत्या तं काय झालं असतं?"

ही सगळी गंमत चालली होती, तोवर प्रल्हादराव आले.

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणाऱ्या कारखान्यात, ते फिटर होते. बडनेऱ्याला गाडीतून उतरून, ऑटोनं आमच्या महाविद्यालयात आले होते. सोबत मुलगी, मयूरी, दहावी झालेली. जिन्यावर पावलं वाजली ती मला आधी विचित्र वाटली. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग भिंतीला हात घासल्याचा आवाज. ती एका हातानं कठडा आणि एका हातानं भिंत धरून चढत होती. वडील एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे करून, जणू वरून काही पडणार आहे. पल्लवीनं धावत खुर्ची दिली.

प्रल्हादरावांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, माह्या पोरीच्या अंगातलं लोखंड काढून द्या."

त्यांच्याजवळ नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांचे कागद होते. आजाराचं नाव वाचलं आणि मी पल्लवीकडे पाहिलं. तिनं ते आधीच वाचलं होतं. जी दोन वाक्यं मी वर्गात सांगून पुढे जायची, ती माझ्यासमोर खुर्चीवर बसून दुपट्ट्यानं घाम पुसत होती.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"थे म्हनतात, व्यायाम करा, हृदय तपासत राहा, बरं करनारं औषध आज माह्याजवळ नाई. पन मी मोबाइलवर वाचलं. ह्या रोगात लोखंड साचते. अन् तुमच्या पेपरात आलं का तुमी लोखंडाचंच काम करून राहिल्या."

मग ते सांगू लागले, घरी त्यांनी काय काय केलं. लोखंडी तवा बंद, कढई बंद. पालक, मेथी, गूळ, शेंगदाणे, खजूर बंद. ज्वारीची भाकर बंद करून पांढरा भात. बायको विरोध करत होती, पण ते ऐकत नव्हते. मुलगी बसल्या जागी दमत होती, चेहरा पांढरट पडला होता. ते त्यांना आजाराचं लक्षण वाटत होतं.

मयूरी खुर्चीत पुढे सरकली. ती बोलू लागली तेव्हा शब्द हळू आले, एकमेकांना चिकटलेले. "बाबा, गोळ्या दाखवा ना मॅडमले."

प्रल्हादरावांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यांच्या दोस्ताच्या मुलाला सतत रक्त चढवावं लागतं. त्यानं अंगात लोह साचतं, ते बाहेर काढायच्या त्या गोळ्या. दोस्तानं प्रेमापोटी दिल्या होत्या.

"सोमवारपासून चालू करतो म्हनलं," ते म्हणाले. "तुमाले इचारून."

मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना तीन वेळा सांगितलं. त्या गोळ्यांवर डॉक्टरांची नजर असावी लागते, रक्त तपासत राहावं लागतं, आणि मयूरीचा आजार त्या मुलाच्या आजारासारखा नाही, हेही सांगितलं. त्याच कागदावरच्या नंबरवर नागपूरला फोन लावला. तिथले डॉक्टर घाबरलेच. त्यांनी प्रल्हादरावांना फोनवर स्पष्ट सांगितलं, काही देऊ नका, आणि पोरीला पूर्वीसारखं जेवू घाला.

फोन ठेवून प्रल्हादराव म्हणाले, "त्यायच्याजवळ औषध नाई. मंग देऊ नोका म्हनाले काय जाते?"

ज्या बापाला सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलंय, त्याला आणखी एक 'नाही' सांगून काय होणार? मी विचारलं, "तुम्ही जिनिंगमध्ये आहात ना? समजा, तुमचं जिन बंद पडलं. रुई बाहेर येत नाही. मालकाला गठाणी दिसत नाहीत. तो काय करेल?"

"मालक म्हनन, कापूस कमी पडला, गाड्या मागवा."

"आणि गाड्या येत राहिल्या तर?"

"गंजी लागत जाईन. अन् एवढ्या कापसाच्या गंजीले आग लागाले येळ नाई लागत."

"तुमच्या पोरीच्या पेशींत जिन बिघडलंय. कापूस साचतो, ते खरं आहे. पण कापूस आणणंच बंद केलं तर?"

"आग नाई लागनार."

"रुई निघेल?"

मयूरीच बोलली, "नाई निघनार, बाबा." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमच्या पेशीत बी हेच बिघडलं हाय? माह्यावालंच?"

"हो. तुझ्यात ते प्रथिन कमी बनतं, हिच्यात अजिबात नाही."

"मंग थे काय करते?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. परीक्षकांनी विचारलं होतं, पण ते वेगळं. मी म्हटलं, "तुला दाखवू? पण तीन-चार दिवस लागतील त्यांना वाढायला. तोवर या गोळ्या माझ्याकडे राहू देत."

प्रल्हादरावांनी पाकीट परत खिशात ठेवलं. "माह्याजवळच राहू द्या. पन तुमी दाखवल्याबगर देत नाई. शब्द हाय."

त्या चार दिवसांत मी नीट झोपले नाही. पल्लवीनं थाळ्या मांडल्या. प्रत्येक थाळीत एका बाजूला निरोगी पेशी, दुसऱ्या बाजूला बिघडलेल्या. एका थाळीत लोह भरपूर, एकीत बेताचं, आणि एकीत लोह घट्ट पकडून ठेवणारं रसायन टाकलेलं, म्हणजे पेशीच्या वाट्याला काही राहू नये. हा प्रयोग तिनं पूर्वी अनेकदा केला होता. काय होणार ते आम्हाला ठाऊक होतं. तरी रोज सकाळी ती थाळ्या बघून माझ्याकडे यायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आपून ह्या पोरीले तिचं मरन तं नाई दाखवून राहिलो?" मीही तोच विचार करत होते. थाळी बघून ती मुलगी खचली, तर तिला सावरायची कोणती विद्या माझ्याजवळ होती? तिच्या आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "दाखवा. तिले समदं माहीत पायजे असते. लपवलं का थे जेवत नाई."

ते आले त्या दिवशी आम्ही त्यांना जिना चढू दिला नाही. इतकी वर्षं त्या इमारतीत काढून, लिफ्ट नाही हे मला पहिल्यांदा तेव्हा खटकलं. थाळ्या खाली आणल्या, कडुनिंबाखालच्या ओट्यावर ठेवल्या. मयूरीनं एक थाळी हातात घेतली. हात हलत होता, म्हणून तिनं ती मांडीवर टेकवली आणि उन्हाकडे तिरपी केली. पल्लवी तिच्याशेजारी बसून एकेक सांगत गेली.

भरपूर लोहाच्या थाळीत निरोगी पेशींचा दाट सायीसारखा थर होता. बिघडलेल्यांचे पुसट ठिपके. बेताच्या लोहात त्याच ठिपक्यांनी थोडा जीव धरला होता. प्रल्हादराव लगेच पुढे झाले. "पाहा! कमी केलं तं सुधारली!"

"थोडी," पल्लवी म्हणाली. "निरोगीसारखी नाही, पण थोडी."

"मंग अजून कमी करा."

पल्लवीनं तिसरी थाळी मयूरीच्या मांडीवर ठेवली. मयूरीनं ती बराच वेळ निरखली. फिरवली, उलटी करून खालून पाहिली.

"इथं काई नाई," ती म्हणाली.

"नाही."

"चांगल्या बी नाई."

"त्या जेमतेम तगल्या आहेत. बिघडलेल्या आधी गेल्या."

मयूरीनं ती थाळी वडिलांपुढे धरली. "बाबा, हे पाहा. लोखंडाबगर तं चांगल्यायचंबी नाई जमत. माहं जिन अगोदरच कमी चालते. तुमी तवाबी काढून घेतला."

प्रल्हादरावांनी थाळी घेतली. त्यांना यंत्र बघायची सवय. बिघाड शोधायचा, भाग बदलायचा, बटण दाबायचं. त्यांनी मान वर केली आणि मला शेवटचं विचारलं, "थे प्रथिन म्हनता, थेच बाहेरून टाकता येत नाई काय?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. "यीस्टमध्ये टाकता येतं. माणसाचं जनुक या बिघडलेल्या पेशीत घातलं तर ती बरीचशी सुधारते. आम्ही ते केलंय."

"यीस्टले देता," ते म्हणाले, "मंग माह्या पोरीले काहून नाई?"

मी सांगायचा प्रयत्न केला. यीस्ट एक पेशी. ती मेली तर आम्ही दुसरी घेतो. मुलीच्या अंगात अब्जावधी पेशी. मेंदूपर्यंत, मज्जारज्जूपर्यंत, हृदयापर्यंत ते न चुकता पोचवायचं, आणि जास्तही होता कामा नये. जगात लोक त्यावर काम करत आहेत. कधी होईल ते मी सांगू शकत नाही. मी शिक्षिकेच्या आवाजात बोलत होते आणि तो आवाज मलाच ऐकवत नव्हता.

प्रल्हादराव उठून नळाशी गेले. खूप वेळ तोंड धूत राहिले. मयूरी पल्लवीला विचारत होती, माणसाचं जनुक टाकलेली पेशी दिसते कशी. पल्लवी म्हणाली, निरोगीसारखीच. "मंग थे दाखवाले पायजे होती," मयूरी म्हणाली. "चवथी थाळी." आम्हा दोघींना ते सुचलंच नव्हतं. पल्लवी धावत वर गेली आणि शीतकपाटातली जुनी थाळी घेऊन आली. एका कोपऱ्यात सुकत आलेला, पण दाट, पांढरट थर. मयूरीनं झाकणावरून त्यावर बोट फिरवलं.

"हे माह्यासारखी व्हती?"

"हो."

"बरं झालं तिचं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एखाद्या मैत्रिणीचं लग्न जमल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

प्रल्हादराव परत आले. चेहरा ओला, खिशातलं पाकीट हातात. "हे दोस्ताले परत करतो," ते म्हणाले. "त्याच्या पोराले लागतात. मी फुकट अटकवून ठेवल्या." मग मुलीला विचारलं, "काय खातं माय?"

"मेथीचे पराठे," मयूरी म्हणाली. "तव्यावरचे."

पल्लवीच्या डब्यात पराठे नव्हते, पिठलं-भाकर होती. ती मयूरीनं ओट्यावर बसून खाल्ली. दुपारच्या गाडीनं ते अकोल्याला गेले. पुढल्या महिन्यात ते नागपूरला जाऊन डॉक्टरांना भेटले, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नाव घातलं. ते मला फोन करून सांगत. मयूरीच्या चेहऱ्यावर रंग आला, दमणं कमी झालं. तोल मात्र जातच राहिला.

पल्लवीचा प्रबंध पूर्ण झाला. आम्ही जे म्हणणार होतो त्यातलं बरंचसं परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं आमच्या आधी म्हणून टाकलं, आमच्यापेक्षा नेटकेपणानं. आमच्या धंद्यात हे होतंच. थोडं वाईट वाटलं. पल्लवी आता परतवाड्याला शिकवते. माझ्या निवृत्तीच्या निरोपात प्राचार्यांनी 'लोहावर संशोधन करणाऱ्या पोलादी व्यक्तिमत्त्वाच्या' वगैरे म्हटलं, आणि सभागृहात मागून पल्लवीचं हसणं ऐकू आलं.

मला खरी हळहळ वेगळी आहे. मयूरीच्या पेशीत काय बिघडलं ते मी तिला पूर्ण समजावू शकले, आणि त्याचा तिला पायऱ्या उतरायलासुद्धा उपयोग झाला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तिनं चाकाची खुर्ची घेतली. प्रल्हादरावांनी जिनिंगमध्ये त्या खुर्चीसाठी दोन उतार बनवले, एक घरच्या दाराला आणि एक तिच्या महाविद्यालयाच्या दाराला. दुसऱ्यासाठी परवानगी मागितली नव्हती. नेऊन बसवलाच. कुणी काढला नाही.

या वर्षी एका लग्नासाठी अकोल्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी डाबकी रोडला त्यांचं घर शोधत गेले. मयूरीनं गणितात एम.एस्सी. केलं आहे आणि घरी शिकवण्या घेते. बोलणं आता आणखी जड झालंय. पहिली काही वाक्यं मला दोनदा विचारावी लागली. तिनं दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितली.

तिची आई चहा करायला आत गेली. मयूरीनं मला विचारलं, "मॅडम, इतके वर्स तुमी त्या पेशीत घालवले. वाईट वाटते का?"

"तुझ्यासाठी वाटतं," मी म्हटलं. "पेशीसाठी नाही. पुन्हा जन्म मिळाला तर तेच करीन, अजून नीट करीन."

ती हसली. "मले बी तिचा राग नाई येत. लोकायले वाटते, यावा."

मग ती सांगू लागली. नागपूरचे डॉक्टर कधीमधी तिला फोन करतात. नव्यानं निदान झालेल्या कुणाच्या घरचं माणूस आलं, की त्याला तिचा नंबर देऊ का विचारतात. मागच्या महिन्यात यवतमाळकडची एक आई बोलली. रडतच होती. "मी तिले म्हनलं, रडून घ्या काकू, मंग इचारा. तिनं अर्ध्या घंट्यानं इचारलं."

"काय विचारलं?"

"पोरगा लग्नात नाचला तं चालन का म्हने."

"मग?"

"म्या म्हनलं, पडन. पन नाचू द्या."

तेवढ्यात अंगणात सायकली टेकल्याचे आवाज आले. मयूरीनं घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, आता तुमाले उठा लागन. क्लास हाय माहा."

मी चहा घाईनं संपवला. सात-आठ मुलं आत येऊन सतरंजीवर बसली. प्रल्हादरावांनी फळा खुर्चीच्या उंचीला बसवलेला आहे. तिनं दोन्ही हातांनी खडू धरला, एक समीकरण लिहिलं. ओळ वाकडी गेली, पुसली, परत लिहिली. मग ती वळली आणि बोलायला लागली. एक वाक्य, मध्येच अडलेलं, मोठं. मी दारात चपला घालत होते. पुढचा शब्द काय असणार ते मला कळलं होतं, मुलांनाही कळलं असणार. सगळी तिच्याकडे बघत पेन धरून बसून राहिली. एकाही पोरानं तिचं वाक्य पुरं करून दिलं नाही.